बाज गंगंकडं ओढा

निघताना, दापोली

आमच्या शाळेत खिचडी शिजवतात त्या बाईंचं नाव गंगामावशी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं लागेल.

मी भूगोल शिकवते आणि माझी मैत्रीण वंदना वाघमारे मराठी शिकवते. ती मूळची परभणी जिल्ह्यातली, सोनपेठच्या बाजूची. आम्हा कोकणातल्या माणसांच्या लेखी महाराष्ट्राचे भाग दोनच. एक कोकण, दुसरा घाटावर. सह्याद्री ओलांडला की पार नागपूरपर्यंत सगळं घाटावरच. त्यामुळं वंदना बदलून आली तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी मोठ्या आपुलकीनं विचारलं होतं, "घाटावरच्या ना तुम्ही? मग कराडचे आमचे मेहुणे ओळखत असालच." ते मेहुणे वंदनानं अजून पाहिलेले नाहीत.

तिची बोली आम्हाला हळूहळू कळू लागली. "काय करायलाव?" म्हणजे काय करताय, "कामून" म्हणजे कशाला, "लय" म्हणजे फार. एक गोष्ट मात्र कधीच उलगडली नाही. वर्गात ती मुलांना म्हणायची, "बेंच जरा गंगंकडं सरकवा रे." मुलं बेंच ओढत खिचडीच्या खोलीच्या बाजूला न्यायची. स्टाफरूममध्ये म्हणायची, "पंखा थोडा गंगंकडं फिरवा." आम्ही तो खिचडीच्या खोलीकडं फिरवायचो. बाईंना भूक फार लागते, सारखं लक्ष गंगामावशींकडं असतं, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं. मी तर तिच्यासाठी डब्यात एक पोळी जास्त आणायला लागले होते.

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर ती म्हणाली, "ताई, या सुट्टीत आमच्या गावाकडं चला. विशालची सोयरीक अडकलीय. ती तुमीच सोडवू शकता."

विशाल म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मी म्हटलं, "मी काय करणार त्यात?"

"भूगोलाचा सवाल हाय," ती म्हणाली.

इतकी वर्षं नोकरी केली, पण असं वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. लग्न पत्रिकेवरून अडतं, मानपानावरून अडतं, मुलाच्या टकलावरूनही अडलेलं मी पाहिलं आहे. भूगोलावरून अडलेलं हे पहिलंच. मी त्याच दिवशी बॅग भरायला घेतली.

परभणी ते माळटाकळी

रेल्वेचा प्रवास सांगत नाही. वरच्या बर्थवरून कुणाचा तरी चिवडा रात्रभर माझ्या केसांत पडत होता, एवढंच त्यातलं सांगण्यासारखं. परभणीला उतरून आम्ही एसटीत बसलो आणि मी खिडकी पकडली.

आमच्याकडं नजर फार लांब जात नाही. मध्ये डोंगर येतो, नाहीतर शेजाऱ्याचा फणस येतो. इथं नजर सोडली की जातच राहते. काळी जमीन, फुटलेला कापूस, मध्येच एखादं बाभळीचं झाड, आणि पुन्हा काळी जमीन. मी वहीत काही टिपून घ्यावं म्हणत होते, पण बस इतकी हादरत होती की पेन नाकाला लागलं.

वाटेत मोठा पूल आला आणि बसमधल्या बऱ्याच जणांनी हात जोडले.

"गंगा," वंदना म्हणाली.

"गोदावरी," मी सवयीनं दुरुस्ती केली.

पुढच्या सीटवरचे एक काका मागं वळले. "म्याडम, ते नकाशात आसंल," ते म्हणाले आणि पुन्हा पुढं वळले.

मग वंदनानं मला सगळा मामला सांगितला. इथं गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेच्या दोन्ही काठांचा जो पट्टा, तो गंगथडी. थडी म्हणजे काठ. पाण्याला तोटा नाही, ऊस, केळी, वांगी, सगळं भरघोस. मुलगी गंगथडीत दिली म्हणजे सुखात पडली असं समजतात. विशाल पूर्णा जंक्शनला रेल्वेत नोकरीला. त्याला थडीपिंपरीची प्रज्ञा पसंत पडली, प्रज्ञालाही तो पसंत पडला, दोघं फोनवर तासन्‌तास बोलायलाही लागले. मुलीच्या वडिलांची ना नव्हती. पण प्रज्ञाची आई लहानपणीच गेलेली, तिला वाढवलं आत्याबाईंनी, आणि आत्याबाईंनी सांगितलं, "पोरगी देईन तर गंगथडीत. न्हाईतर न्हाई."

"मग तुमचं गाव गंगथडीत नाही?" मी विचारलं.

"तेच तर कुनाला माहीत न्हाई," वंदना म्हणाली. "गंगेपासून लय लांब न्हाई, लय जवळबी न्हाई. आन नाव माळटाकळी. नावातच माळ."

तिकडं थडीपिंपरीच्या नावातच थडी. सामना सुरू होण्याआधीच एक गोल झालेला होता.

मला आत्याबाईंचा राग आला होता, तो पुढचं ऐकून गेला. आत्याबाईंना स्वतःला लहान वयात बालाघाटच्या डोंगरात दिलं होतं. उन्हाळाभर पाण्यासाठी दरी उतरायची आणि चढायची. नवरा गेल्यावर त्या माहेरी परत आल्या, त्या पुन्हा डोंगराकडं फिरकल्याच नाहीत. दोन दिवसांनी त्या स्वतः माळटाकळीला घर बघायला येणार होत्या आणि तिथंच काय तो निकाल लागणार होता.

माळटाकळीत वंदनाचे वडील, बापू, दारातच उभे होते. "जयभीम, म्याडम. आता समदं तुमच्यावर हाय," ते म्हणाले. मी अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ठेचा. भाकरी इतकी पातळ आणि मोठी की आमच्याकडं तिच्यात तीन तांदळाच्या भाकऱ्या होतील. आमटी पहिल्या घासाला गोड लागली आणि दुसऱ्या घासाला कानातून बाहेर आली. मी हळूच थोडा भात आहे का विचारलं. वंदनाची आई, म्हणजे माय, एकदम काळजीत पडली. "भात? आजारी हाव का काय तुमी?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. आमच्याकडं भात नसला तर माणूस आजारी पडतो, हे तिला पटवून देणं मला जमलं नाही.

जेवता जेवता बापूंनी विषय काढला. "तुमीच सांगा म्याडम, आमी गंगथडीत येताव का न्हाई?"

"त्याचं असं आहे," मी भाकरी मोडत सुरू केलं, "प्रदेश तीन तऱ्हांनी ठरतो. पहिली तऱ्हा, सगळीकडं एक गोष्ट सारखी असते. माती, पीक, पाऊस."

"माती काळीभोर हाय आमची!" बापू म्हणाले.

"काळी तर पार लातूरपावतर हाय, बापू," विशाल म्हणाला. तो सुट्टी टाकून आला होता आणि त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

"दुसरी तऱ्हा, मध्ये एक ठिकाण असतं आणि आजूबाजूचे लोक कामाला तिथं जातात. बाजार, शाळा, जंक्शन."

विशालचा चेहरा उजळला. "म्हंजी मी पूर्णेच्या इलाख्यात."

"तू रेल्वेच्या इलाख्यात," वंदना म्हणाली. "आन ती रूळ टाकत पार सिकंदराबादेला गेलीय. तितं आत्याबाई पोरगी देत्याल का?" विशालनं पुन्हा मान खाली घातली.

"आणि तिसरी?" मायनं विचारलं.

"तिसरा प्रदेश कुठंच आखलेला नसतो. लोक मानतात म्हणून असतो. आमच्याकडं तळकोकण आहे तसा. कुठल्याही गावात विचारा, तळकोकण पुढच्या गावापासून सुरू होतं."

"मंग लोकायलाच इचारून या की," माय म्हणाली आणि तिनं माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी घातली.

सोनपेठचा बाजार आणि गंगेचा काठ

दुसऱ्या दिवशी मी विशालच्या मोटारसायकलवर मागं बसले आणि आम्ही गंगथडीची हद्द शोधायला निघालो. आधी सोनपेठचा आठवडी बाजार लागला. तिथं हद्द सापडणं सोपं होतं, कारण प्रत्येक वांगेवाला ओरडत होता, "गंगथडीचं वांगं! गंगथडीचं वांगं!" एका टोपलीतली वांगी फारच तुकतुकीत होती. मी विचारलं, "दादा, कुठली ही?"

"झरीची."

"झरी तर परभणी तालुक्यात, पार गोदावरीच्या पलीकडं!"

"बरोबर हाय," तो म्हणाला. "झाड झरीचं हाय. वांगं गंगथडीचं हाय."

यावर कुठलंही पाठ्यपुस्तक गप्प बसेल. मी पावकिलो घेतली.

पुढं आम्ही गावोगाव थांबत विचारत गेलो. पहिल्या गावी पारावरचे म्हणाले, "गंगथडी? छ्या, ती म्होरल्या गावापासून." पुढच्या गावी म्हणाले, "ती आजून म्होरं." त्याच्या पुढच्या गावात हॉटेलवाला म्हणाला, "आवो, तुमी ती मागंच सोडून आलाव." आम्ही चहा घेतला, कारण दुसरं काही सुचेना. प्रत्येक गावाबाहेर विशाल गाडी बाजूला घेऊन प्रज्ञाला फोन करायचा. "न्हाई, आजून न्हाई लागली. बगायलाव," एवढंच त्याचं बोलणं मला ऐकू यायचं. तो इतक्या काकुळतीला आला होता की मला त्याच्यासाठी एखादी हद्द खिशातून काढून द्यावीशी वाटली.

शेवटी आम्ही पार गंगेच्या काठावर पोचलो. इथून पुढं सरकायला जागाच नव्हती. काठावर एक म्हातारबाबा म्हशी धूत होते. मी म्हटलं, "बाबा, ही तरी गंगथडी ना?"

त्यांनी आम्हा दोघांना नीट न्याहाळलं. "कामून इचारायलाव? सरकारातून आलाव का?"

"नाही, सहज."

"न्हाई, मदत पुराची वाटायलेत का दुष्काळाची, ते आधी सांगा. पुराची आसंल तर आमी गंगथडीत. दुष्काळाची आसंल तर माळावर."

मी काहीच वाटायला आलेली नाही हे कळल्यावर त्यांचा प्रदेश या विषयातला रस संपला. ते म्हशीकडं वळले.

निदान फोटो तरी काढावा म्हणून मी दोन पावलं खाली उतरले आणि घोट्यापर्यंत गाळात गेले. काळी माती पाणी फार वेळ धरून ठेवते, हे मी दर वर्षी शिकवते. चप्पलही धरून ठेवते, हे पुस्तकात नाही. विशालनं मला बाहेर ओढलं, चप्पल मात्र तिथंच राहिली. परत येताना मी एका पायात चप्पल आणि पदरात वांगी अशी सोनपेठमधून गेले, आणि लोक आदरानं बाजूला होत होते.

"म्याडम," विशालनं गाडी चालवता चालवता विचारलं, "तुमच्या पुस्तकात न्हाईच का कुटं गंगथडी?"

"नाही रे," मी म्हटलं. हे सांगताना मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं प्रदेशांवर धडे दिले आणि एका पोराच्या लग्नाला पुरेल एवढासुद्धा प्रदेश माझ्याकडं नव्हता.

माळटाकळी: आत्याबाई येतात

सकाळी उठून अंगणात आले तर घर ओळखू येईना. आम्ही हात हलवत आलो म्हटल्यावर बापूंनी स्वतःच गंगथडी तयार करायला घेतली होती. दाराच्या दोन्ही बाजूंना उसाची धांडं टेकवलेली. भिंतीवर मासे धरायचं जाळं टांगलेलं. चुलीवर मासे रटरटत होते, तेही बापूंनी पहाटे उठून सोनपेठहून आणलेले. "हे बरोबर वाटतंय का म्याडम?" त्यांनी विचारलं. समुद्रकाठची बाई म्हणून माझं मत त्यांना हवं होतं. मी म्हटलं, "मासे उत्तम. बाकीचं आत्याबाईंवर सोडा."

आत्याबाई भावाला घेऊन ऑटोनं आल्या. अंगानं लहानशा, पण त्या ऑटोतून उतरल्या तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. "जयभीम" झालं, पाणी झालं. त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला. "बोरचं," त्या म्हणाल्या आणि पेला खाली ठेवला.

मग त्या उसाकडं वळल्या. "तोडून दाराला लावायला आज काय हाय?"

त्या जाळ्यापाशी गेल्या, दोन बोटांत धरून पाहिलं, वरची पांढरी पट्टी उलटसुलट केली. "ह्याच्यात मासे सापडतेत का बॉल?"

ते शाळेचं व्हॉलीबॉलचं जाळं होतं. बापू आकाशाकडं बघू लागले.

"तुला पवता येतं का रं?" त्यांनी विशालला विचारलं.

"येतं की."

"कुटं शिकला?"

विशालनं खोटं बोलायची पूर्ण तयारी केली होती, पण ऐन वेळी त्याचं तोंड त्याचं ऐकेना. "रेल्वेच्या टाकीत," तो म्हणाला.

मग त्यांची नजर माझ्यावर आली. "ह्या कोन?"

"भूगोलाच्या म्याडम. कोकनातल्या," बापूंनी घाईघाईनं सांगितलं.

"मंग सांगा म्याडम. हे गाव गंगथडीत हाय का?"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. हो म्हणणं सोपं होतं. पण त्यांच्या त्या चेहऱ्यासमोर मला खोटं बोलवेना. "आत्याबाई, मी काल दिवसभर शोधलं," मी म्हटलं. "मला हद्द सापडली नाही. चप्पल मात्र गेली."

त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या. अंगणात कडुलिंबाखाली टाकलेल्या बाजेवर जाऊन बसल्या आणि मायला म्हणाल्या, "मानसं चांगली हायेत तुमी. पोरगंबी गरीब हाय. पन मी भोगलेलं पोरीच्या वाट्याला येऊ देनार न्हाई. माझा इचार पक्का हाय."

विशालनं पाठ फिरवली. बापूंनी उगाच एक उसाचं धांडं उचलून पुन्हा तिथंच ठेवलं. वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला काय करावं ते सुचेना. फक्त माय आत जाऊन चहा घेऊन आली. सोयरीक मोडली तरी पाहुणा बिनचहाचा कसा जाईल?

एव्हाना सूर्य वर आला होता, लिंबाची सावली सरकली होती आणि आत्याबाई उन्हात आल्या होत्या. माय बशी पुढं करत म्हणाली, "चा तरी घ्या. आन उन्हात कामून बसलाव? बाज वडा की जरा गंगंकडं."

आत्याबाई उठल्या. बाज धरून सावलीत ओढली. बसल्या, बशी हातात घेतली, ओठापर्यंत नेली आणि तशाच थांबल्या.

"काय म्हनलात?"

माय घाबरली. "चा घ्या म्हनलं."

"त्याच्या म्होरं."

"बाज गंगंकडं वडा म्हनलं. ऊन लागायलं तुमाला."

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. बापूंकडं बघून एकदम विचारलं, "त्या कुत्र्याला काय झालंय, कान कामून हलवायलंय?"

"दोनातल्या कोन्त्या?" बापू गोंधळून म्हणाले. "गंगंकडल्या का माळाकडल्या?"

आत्याबाई बोलायला लागल्या तेव्हा आवाज बदललेला होता. "मला डोंगरात दिली तवा पैल्याच दिवशी सासू म्हनली, ताट डोंगराकडं ठिव. मला कळंना कुटं ठिवावं. मी ताट घिऊन गरागरा फिरले. समदे हासले. तितं समदं डोंगराकडलं आन दरीकडलं. गंगा कुन्या अंगाला हाय, हे त्या गावात एकालाबी ठाव नव्हतं. किती वर्सं मी त्या घरात बिनदिशेची ऱ्हायले."

आत्याबाईंनी बशीतला चहा एका दमात संपवला. मग रिकामी बशी मायच्या हातात देत म्हणाल्या, "इहीनबाई, साखर लय घालता तुमी."

इहीनबाई म्हणजे विहीणबाई! आधी वंदनाला कळलं, मग मुलीच्या वडिलांना, मग बापूंना. माय मात्र साखरेवरच अडकली होती. "कमी घालीन की म्होरच्या बारीला," ती म्हणाली, आणि मग तिलाही कळलं आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. विशाल भिंतीआड जाऊन अख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात फोनवर बोलत होता.

आणि मी? मी एकटीच हसत सुटले होते. लिंबाची सावली दुपारी उत्तरेला पडते. गंगा गावाच्या उत्तरेला. आमच्या शाळेची खिचडीची खोली इमारतीच्या उत्तरेला. गंगंकडं म्हणजे नुसतं उत्तरेकडं!

"वंदना," मी म्हटलं, "शाळेत तू बेंच गंगंकडं सरकवा म्हणायचीस, ते हे होतं?"

"मंग तुमाला काय वाटलं?"

"खिचडी!"

ती आधी हसली, पोट धरून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "ताई, नव्या जागंला गेलं की मी आधी गंगा कुटं आसंल ते ठरवते. त्याबिगर झोपच येत न्हाई मला." मला ते ऐकून भरून आलं, आणि तिला आजवर खिलवलेल्या सगळ्या पोळ्याही आठवल्या.

जेवायला मासे होते. त्यांत काटेच फार होते, पण आत्याबाईंनी दोनदा घेतले. माझ्या ताटात मायनं न मागता भात वाढला होता.

परत, दापोली

सुट्टी संपल्यावर घटक चाचणी झाली आणि भूगोलाचे पेपर तपासायला मी अंगणात बसले. भारताच्या उत्तरेस कोणता पर्वत आहे ते पूर्ण वाक्यात लिहा, असा एक सोपा प्रश्न होता. कुणी सह्याद्री लिहिला होता, कुणी दापोलीचीच एक टेकडी. वंदनाच्या वर्गातल्या एका मुलीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "भारताच्या गंगेकडं हिमालय पर्वत आहे."

मी तिला पूर्ण गुण दिले. मग ऊन लागायला लागलं म्हणून खुर्ची उचलली आणि जरा गंगंकडं सरकले.